पेडल कधी सोडायचं? व्हायब्राफोन, जॅझ आणि गॅलिशियाच्या चाली

मागच्या अंकात मी स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या गॅलिशियाच्या लोकसंगीतावर लिहिलं होतं, आणि त्या चाली व्हायब्राफोनवर, म्हणजे पायाच्या पेडलच्या, धातूच्या पट्ट्या ठोकून वाजवायच्या वाद्यावर, कशा बसतात तेही थोडंसं लिहिलं होतं. त्यावर नागपुरातून आणि आसपासच्या गावांतून एवढे प्रश्न आले की हा पूर्ण महिना त्यालाच देतेय. सतार आणि गिटारवाल्यांचे प्रश्न पुढच्या वेळी नक्की.

प्रश्न : ताई नमस्कार. मी धरमपेठेत राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जुना पण बऱ्या अवस्थेतला तीन सप्तकांचा व्हायब्राफोन मिळाला आहे, ऑनलाइन जॅझ शिकून राहिलो. तुमचा लेख वाचला तेव्हापासून गॅलिशियाचा गायता, म्हणजे तिथली बॅगपाइप, ऐकायचं वेडच लागलं. रोज तास-दीड तास मिळतो. दोन्ही सोबत करू की एक सोडून देऊ? दोन्ही वाजवतो तर दोन्ही एकसारखंच ऐकू येते, सगळं गोड गोड आणि धूसर.

उत्तर : काहीच सोडू नका. शेवटच्या ओळीत तुम्ही जे लिहिलंय ना, गोड गोड आणि धूसर, उत्तर तिथेच आहे. तुमचा पाय पेडलवरून उठत नाहीये. पट्ट्या अल्युमिनियमच्या असतात, एकदा मॅलेट, म्हणजे वाजवायची गोल टोकाची दांडी, पडलं की कितीतरी वेळ वाजत राहतात, आणि पेडल दाबलं की मधला फेल्ट लावलेला दांडा खाली जाऊन सगळ्याच पट्ट्या एकदम मोकळ्या होतात, मग तुम्ही ब्लूज वाजवा नाहीतर मुइन्येइरा ही गॅलिशियाची नाचाची चाल वाजवा, आधीचे चार सूर पुढच्या चार सुरांत मिसळतात आणि ऐकणाऱ्याला नुसतं घुमणं पोचतं. या वाद्यावर सूर काढणं कोणालाही पहिल्या दिवशी जमतं. तो बंद कधी आणि कसा करायचा हे शिकायला वर्षं लागतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की जॅझ आणि गॅलिशियन संगीत तुमच्या हातात वेगळं होईल ते तिथेच होईल, सुरांच्या निवडीत नंतर.

म्हणून रोजची पहिली पंधरा-वीस मिनिटं फक्त बंद करण्याला द्या. पेडल पूर्ण दाबून ठेवा, पाय हलवायचाच नाही, आणि एक साधं मेजर स्केल अगदी सावकाश वाजवा. उजव्या मॅलेटनं पुढची पट्टी वाजवली त्याच क्षणी डाव्या मॅलेटनं आधीची पट्टी हलकेच दाबून गप्प करायची. ठोकायचं नाही, मॅलेट नुसतं टेकवायचं. नेहमी एकच सूर वाजत असला पाहिजे, मध्ये भोकही नको आणि दोन सूर एकमेकांवरही नकोत. हे जमायला लागलं की उलटं करा, मॅलेटनं काहीच बंद करायचं नाही आणि प्रत्येक सुराला पेडल सोडून पुन्हा दाबायचं. त्यानंतर अर्धं पेडल, म्हणजे फेल्ट पट्टीला जेमतेम शिवेल एवढंच. त्यात सूर पूर्ण मरत नाही, पटकन विरतो. फार सुंदर आवाज आहे तो आणि बहुतेक शिकणारे तिकडे फिरकतच नाहीत.

आता गायता बघा. तो पिशवीचा वाद्यप्रकार, काखेतल्या पिशवीतून हवा चालूच राहते, वादक मध्येच थांबून सूर तोडू शकत नाही. मग एकच सूर दोनदा वाजवायचा तर मध्ये बोटानं एखादा झटपट वेगळा सूर टाकावा लागतो, त्या चालीतली सगळी ठसठस त्या छोट्या सुरांतून येते. व्हायब्राफोनवर तुमची अडचण नेमकी उलटी आहे, तुमचा सूर आपोआप विरत जातो आणि तोडणं तुमच्या हातात आहे. म्हणून गॅलिशियन चालीला मोटर (नळ्यांवरच्या चकत्या फिरवून सूर थरथरवते ती) बंद, पेडल जवळजवळ वरच, आणि मुख्य सुराच्या आधी वरच्या पट्टीवरून एक छोटा झटका देऊन लगेच खाली यायचं. झटक्याचा सूर मागे वाजत राहिला तर सगळं बिघडतं, म्हणूनच आधी तो बंद करण्याचा रियाज.

गायत्याचा दुसरा अर्धा भाग म्हणजे त्याचा आधारसूर. रोंको नावाची लांब नळी असते, ती खांद्यावरून मागे जाते आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत षड्जच देते, मुख्य नळीच्या षड्जापेक्षा दोन सप्तकं खाली. आपल्याकडे सनईवादनात एक जण नुसता सूर धरून बसतो तेच काम. तुमच्या वाद्याची सगळ्यात खालची पट्टी फा आणि सगळ्यात वरचीही फा, मध्ये तीन सप्तकं. म्हणजे फा हाच षड्ज धरला, पेटीच्या भाषेत पांढरी चार, तर चाल सगळ्यात वरच्या सप्तकात येते आणि रोंकोचा सूर तुमच्या सगळ्यात खालच्या पट्टीवर बरोब्बर मिळतो. खरे गायते बहुतेक पांढरी एक, काळी पाच किंवा पांढरी दोनचे असतात, तेव्हा रेकॉर्डिंगसोबत वाजवायचं असेल तर त्या त्या स्वरातही तयारी हवी, पण घरच्या रियाजाला फा उत्तम. तो खालचा सूर मॅलेटनं सारखा ठोकत बसू नका, त्यापेक्षा सूरपेटी घ्या आणि तिचा पंचम बंद करून फक्त षड्ज उघडा. तानपुऱ्याचं ॲप चालेल, पण तारेचा झणकार वेगळा, सूरपेटीतली रीड गायत्याच्या जास्त जवळची वाटते मला. आणि कोणाकडे जुना चेलोचा किंवा डबल बासचा बो, म्हणजे गज, असेल तर तो पट्टीच्या टोकावरून ओढून बघा, सूर नुसता उगवतो, ठोका ऐकूच येत नाही.

जॅझकडे या आता. तिथे पेडल वाक्यानुसार चालतं. गाणारा माणूस श्वास घेतो तिथे पाय उठतो, बाकी ठिकाणी सूर एकमेकांना टेकलेले चालतात, काही मुद्दाम सुटे ठेवायचे. तीन माणसं ऐका, एका सुरानंतर दुसरा सूर ते काय करतात यावरच कान ठेवून ऐका. लायोनेल हॅम्प्टन, ज्यानं १९३० मध्ये लुई आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्डिंगवर व्हायब्राफोन वाजवला आणि हे वाद्य जॅझमध्ये आणलं, त्याची मोटर भरभर फिरते, आवाज थरथरता. मिल्ट जॅक्सन, मॉडर्न जॅझ क्वार्टेटवाला, मोटर अगदी हळू, सूर माणसाच्या गळ्यासारखा हलतो. आणि गॅरी बर्टन, त्याची मोटर बहुतेक बंदच असते, चार मॅलेटमध्ये पियानोसारखं वाजवतो, त्याचं मॅलेटनं सूर बंद करणं म्हणजे शिकण्यासारखी गोष्ट आहे. जॅक्सनचं बॅग्ज ग्रूव्ह फामधलाच ब्लूज आहे, म्हणजे तुमचा जॅझचा आणि गॅलिशियाचा षड्ज एकच, हा योगायोग वापरून घ्या.

वेळेचं म्हणाल तर एकाच दिवशी दोन्ही अर्धं अर्धं करू नका. एक दिवस पूर्ण जॅझ, दुसरा दिवस पूर्ण गॅलिशियन. पायाची सवय एका तासात बदलत नाही. आठवड्यातून एकदा मात्र दोन्ही लागोपाठ वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि डोळे मिटून ऐका, फरक पहिल्या चार सेकंदांत कळला पाहिजे.

प्रश्न : मुलगी महाल भागात एका गुरुजींकडे तबला शिकते, शाळेच्या बँडमध्ये झायलोफोन वाजवते. मागच्या लेखात मुइन्येइरा सहाच्या मापात असतो म्हणालात, मग तो दादराच झाला ना? तिला दादरा छान येतो.

उत्तर : दादरा येतो ही मोठी जमेची बाजू आहे, तीन-तीनची मोजणी तिच्या अंगात आहे म्हणजे अर्धं काम झालं. पण दादरा म्हणून वाजवू देऊ नका. दादऱ्यात चौथ्या मात्रेला खाली येते, तिथे वजन कमी होतं. मुइन्येइरात खाली नाही. तीनचे दोन गट असतात आणि दोन्हींवर नाचणाऱ्याचा पाय पडतो, तेव्हा दुसरा ठोका हलका झाला की नाच कोलमडला समजा. शिवाय प्रत्येक गटात पहिला सूर थोडा लांब आणि शेवटचा छोटा अशी झुकलेली चाल ऐकू येते, गावागणिक ती बदलते, कागदावरचे सहा सारखे तुकडे वाजवले तर मशीनसारखं वाटतं.

तिला आधी ऐकवा पांदेइरेतेइरांचं गाणं. या बायका हातात पांदेइरेता, म्हणजे झांजा लावलेली खंजिरी, वाजवत वाजवत गातात, कित्येकदा सोबत दुसरं काहीच वाद्य नसतं. लेइलिया नावाचा बायकांचा गट आहे गॅलिशियातल्या सांतियागो शहराचा, तो ऐका. अलीकडच्या तान्शुगेइरास आहेत, तिघी जणी, २०२२ मध्ये स्पेनच्या टीव्हीवरच्या मोठ्या स्पर्धेत गाजल्या, त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक आवाज भरपूर आहे पण खंजिरीचा हात अस्सल आहे. तबल्याची मुलगी आहे, तिला म्हणा ऐकून त्याचे स्वतःचे बोल तयार कर आणि तोंडानं म्हणत चाल, पायानं दोन ठोके धरून. ते जमलं की मगच झायलोफोन. आणि हो, झायलोफोनच्या लाकडी पट्ट्या पटकन गप्प होतात, त्यामुळे या चालीला तो व्हायब्राफोनपेक्षा सोपा जातो, तिला घाई करून व्हायब्राफोनवर नेऊ नका.

याच्यातच जॅझची किल्लीसुद्धा आहे, वरच्या धरमपेठवाल्या वाचकानंही हे वाचावं. मध्यम लयीतला स्विंग म्हणजे ठोक्याचे तीन भाग करून पहिले दोन एकत्र धरणं आणि तिसरा छोटा सोडणं, लांब-छोटा, लांब-छोटा. मुइन्येइरातही तीनच भाग. लय वाढली की स्विंगमधले सूर समान व्हायला लागतात, मुइन्येइरात मात्र तीनचा गट सुटत नाही. मेट्रोनोम लावून एकच फामधली चार सुरांची ओळ दोन्हींमध्ये वाजवून बघा, जॅझला मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर, मुइन्येइराला दोन्ही ठोक्यांवर. मी शिकवताना यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण एकदा हे पायात उतरलं की पुढचं खूप आपोआप येतं.

प्रश्न : चार मॅलेट लगेच धरावेत का? बर्टन ग्रिप की स्टीव्हन्स ग्रिप? यूट्यूबवर दोन्हीवाले आपलंच बरोबर म्हणून राहिले. – एक वाचक, मनीषनगर

उत्तर : जॅझ करायचं असेल तर बर्टन. दांड्या तळहातात एकमेकींवरून जातात, पकड घट्ट होते आणि एकेरी ओळ जोरात वाजवता येते, शिवाय मॅलेटनं पट्टी दाबायला हात स्थिर राहतो. स्टीव्हन्सची पकड मारिंबासाठी, म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या मोठ्या वाद्यासाठी, घडलेली आहे, दांड्या एकमेकींना शिवत नाहीत, मोठी मोठी अंतरं आणि हलका हात त्यात मस्त होतो. दोन्ही चांगल्या आहेत, पण शिकताना एकच धरा. चार धरल्यावर चाल वाजवायला उजव्या हातातली बाहेरची आणि डाव्या हातातली आतली मॅलेट वापरायची, हे बर्टनवाल्यांचं नेहमीचं वळण.

पण गॅलिशियन चाली पहिले काही महिने दोनच मॅलेटनं वाजवा. चार हातात आल्या की माणूस कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, टाकल्याशिवाय राहत नाही आणि त्या चालींना खाली एक स्थिर सूर पुरतो. जॅझमध्ये डाव्या हाताला काम द्या, ब्लूजच्या प्रत्येक कॉर्डचा तिसरा आणि सातवा सूर एवढंच धरा, बाकी मोकळं सोडा.

प्रश्न : उन्हाळ्यात वाद्य बेसूर होते का? वरच्या मजल्यावर खोली आहे, कूलर लावतो.

उत्तर : पट्ट्या तापल्या की सूर किंचित उतरतो, आणि खालच्या रेझोनेटरच्या नळ्यांमधली हवा तापली की तिचा सूर उलट चढतो, दोघांचं जमेनासं होतं, म्हणून मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ च्या पुढे गेला की आवाज कोरडा आणि छोटा वाटतो. वाद्य बिघडलेलं नाही. संध्याकाळी किंवा पहाटे वाजवा. कूलरची हवा सरळ वाद्यावर येऊ देऊ नका, ओलाव्यानं पट्ट्या ओवलेली दोरी आणि दांड्याचा फेल्ट लवकर खराब होतात, सूत गुंडाळलेल्या मॅलेटसुद्धा डब्यात ठेवा. दोरी वर्षातून एकदा तपासाच, तुटली की पट्ट्या खडखडतात. लाइट गेली तर काही अडत नाही, फक्त मोटर बंद पडते आणि गॅलिशियन दिवसाला ती बंदच हवी आहे.

प्रश्न : माझ्याकडे व्हायब्राफोन नाही आणि विकत घेणं शक्य नाही. तरी शिकता येईल का? – कामठी

उत्तर : येईल, आणि बरंच येईल. एखाद्या वाद्याची मापं नीट घेऊन पुठ्ठ्यावर पट्ट्या खऱ्या आकाराच्या काढा, टेबलावर चिकटवा आणि हातांचा रियाज त्यावर करा, चार मॅलेटची अंतरं तिथेच पक्की होतात. सूर ऐकायला पेटी आहेच. शाळेच्या किंवा चर्चच्या बँडमध्ये ग्लॉकेनस्पील किंवा झायलोफोन पडून असतो कित्येकदा, विचारायला लाजू नका. राहिला पाय, तर तोंडानं चाल गात पायाच्या टाचेनं पेडलची जागा दाखवत जा, कुठे दाबलं कुठे सोडलं. हे ऐकायला विचित्र वाटेल पण ज्यांनी असं केलंय त्यांना नंतर वाद्यावर पेडल फार लवकर येतं.

प्रश्न : गॅलिशियाच्या जुन्या चालीला जॅझ करून वाजवणं योग्य आहे का? कोणाच्या परंपरेची मोडतोड तर नाही होत? आमच्या ग्रुपमध्ये यावरून चांगलंच वाजलं. – सदर

उत्तर : फार महत्त्वाचा प्रश्न आहे आणि भांडलात ते चांगलं केलंत. आधी एक उदाहरण. अमेरिकन संगीतसंग्राहक ॲलन लोमॅक्स १९५२ मध्ये गॅलिशियात फिरून गावागावांतलं संगीत रेकॉर्ड करत होता. तिथे गावोगाव हिंडणारे कारागीर आपण आलो हे कळवायला जोडनळ्यांची शिट्टी वाजवायचे, तशी एक धून त्यानं टिपली. तीच पुढे संगीतसंयोजक गिल एव्हान्सनं घेतली आणि जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९६० च्या स्केचेस ऑफ स्पेन या अल्बममध्ये द पॅन पायपर म्हणून आली. ती ऐका आणि बघा, कॉर्डची धावपळ जवळजवळ नाही, खाली तेच तेच फिरत राहतं आणि वर एकटी ट्रम्पेट. जॅझवाल्यानं चालीला श्वास घ्यायला जागा ठेवली आहे. मला तो रस्ता बरोबर वाटतो.

आणि गॅलिशियाचे लोक स्वतःच हे करतात. ओउरेन्सेची क्रिस्तिना पातो गायता वाजवते, पियानोही वाजवते, जॅझच्या बँडसोबत वाजवते आणि चेलोवादक यो-यो मा यांनी सुरू केलेल्या सिल्करोड समूहातही वाजवलंय, आणि तिच्या गायत्यात गावाकडचा हात कुठेच कमी होत नाही. तेव्हा मोडतोड होते ती जॅझमुळे होत नाही, मूळ चाल पूर्ण न शिकता तिच्यावर कॉर्ड चढवल्या की होते. माझा आग्रह एवढाच की कोणतीही चाल आधी रोंकोच्या एका सुरावर, दोन मॅलेटनं, मूळ लयीत पाठ व्हावी, नाचता येईल अशी. मग सोलो घ्या. सोलोतही दर बारला नवी कॉर्ड आणू नका, आधी त्याच एका सुरावर खेळा, मग फार तर दोन कॉर्ड.

सगळ्याच चालींना सारखा हात लावू नका हेही सांगते. मुइन्येइरा आणि शोता नाचाच्या आहेत, शोता तीनच्या मापाची, त्यांना स्विंग सहज चालतो. अलाला वेगळी. ती संथ, ताल न बांधलेली, एकट्या गळ्याची गाणी असतात, त्यांच्यात मला ड्रम्स अजिबात नको वाटतात. व्हायब्राफोनवर अलाला वाजवायची तर इथे मात्र पेडल दाबा, एक ओळ वाजवा, पूर्ण विरू द्या, मग पुढची. पेडलची सगळी श्रीमंती इथे खर्च करा. तुमच्या ग्रुपमधल्या ज्या मंडळींना वाटतं परंपरेला हात लावू नये त्यांना म्हणा पहिली अलाला तुम्ही बसवा, त्यांची काळजी तिथे कामी येईल.

प्रश्न : मला स्टाफ नोटेशन येत नाही. चाली सरगममध्ये लिहून घेतल्या तर चालेल का? आणि चांगली रेकॉर्डिंग कुठे शोधू? – इतवारी

उत्तर : चालेल, खुशाल लिहा, चालीचा सांगाडा सरगममध्ये छान बसतो कारण षड्ज हलतच नाही. दोन गोष्टी सांभाळा. झटक्याचे छोटे सूर लिहायच्या भानगडीत पडू नका, ते कानानंच घ्या, लिहिले की ते मोठे होतात. आणि जुन्या गायत्यांचा गंधार-निषाद कधी कधी आपल्या पेटीच्या शुद्ध आणि कोमलच्या मध्ये कुठेतरी पडतो. व्हायब्राफोनवर तो मिळत नाही, पट्टी ठरलेली आहे, तर दोन्हींपैकी चालीला जो जवळचा वाटतो तो एकच ठरवून शेवटपर्यंत तोच वाजवा, मध्ये बदलू नका.

शोधताना नुसतं सेल्टिक म्युझिक लिहाल तर आयर्लंडचंच जास्त येईल. लोमॅक्सची १९५२ ची रेकॉर्डिंग इंटरनेटवर फुकट ऐकता येतात, सुरुवात तिथून करा. मग मिलादोइरो हा गट, आणि गायतावादक सुसाना सेइवाने, कार्लोस नुन्येस. नुन्येसचं लवकर आवडतं पण तो फार वेगात वाजवतो, त्याच्यावरून पाठ करायचं तर ॲपमध्ये वेग अर्धा करून घ्या आणि आधी सूरपेटी त्याच्या षड्जाला लावा.